निंदणाच्या दिवसांत झटपट जेवणासाठी कोठीत काय भरून ठेवायचं?

कापूसवाली_घाटंजी
नमस्कार. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव. घरी आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. निंदण-डवरणी सुरू झाली की घरी यायला दिवेलागण होते. हातपाय धुईस्तोवर लाइट गेलेली असते, म्हणजे मिक्सर बंद. भाजी आठवडी बाजाराची, ती मधेच संपते. पुड्यातल्या नूडल्स मला नकोत, आपलं गरम, पोटभर जेवण हवं. स्वयंपाकघराला लागून छोटी कोठी आहे, तीन फळ्या आणि पत्र्याचे डबे. आता एप्रिलचं ऊन आहे, तोवर काय करून ठेवू आणि कुठं काय लावू? श्रावणात तुरीला भुंगे लागतात, त्यावरही सांगा.

आर्वीची_काकू
पोरी, आधी जेवणं ठरव, मग डबे. आमच्या घरी पावसाळ्याची जेवणं ठरलेलीच आहेत: गोळाभात, मुंगवड्यांचा रस्सा, वरणफळं. एका जेवणाचं सामान एकाच फळीवर, शेजारी शेजारी लावजो. अंधारात हात बरोबर जाते.

भरड्याचा डबा सगळ्यात हाताशी पाहिजे. तीन वाट्या हरभऱ्याची डाळ अन् एक वाटी तुरीची, गिरणीवर रव्यापेक्षा जाड काढून घेजो. बेसनासारखी बारीक झाली तं गोळा चिकट होते, लय जाड राहिली तं भातात फुटते. एकदम जास्त नको दळू, महिन्याचाच दळ.

त्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, जिरं अन् गरम तेलाचं मोहन. पाण्याचा नुसता हबका मारजो, मुठीत घट्ट आवळून लिंबाएवढे गोळे करजो. भातावरचं पाणी दिसेनासं झालं, पण तांदूळ अजून ओला आहे, तेव्हाच गोळे त्यात खोचायचे. वर ताट झाकून मंद आच. वाढताना गोळा भातात कुस्करायचा अन् वरून लसूण-सुक्या मिरचीचं कडकडीत तेल. ते तेल भातावर पडल्यावर जो चर्र आवाज येते ना, पोरं पाट घेऊन आपोआप येतात. मिक्सर लागत नाई, भाजी लागत नाई.

सोबत चिंचेचं सार. म्हणून चिंच आत्ताच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत दाबजो. रंग काळा पडते, चवीला काही होत नाई. कैरीच्या फोडीही वाळवून ठेव, वरणात टाकायला कामी येतात.

मुंगवड्या याच उन्हात घाल. भिजवलेली मुगाची डाळ पाट्यावर वाट, त्यात किसलेला कोहळा पिळून, आलं-मिरची. खडखडीत वाळल्या पाहिजेत, बोटानं मोडली तं टक्कन तुटली पाहिजे. रस्सा करताना आधी तेलात लालसर परतायच्या, मग पाणी.

हरभऱ्याची वाळली भाजी यंदा राहिली. पुढच्या पौषात कोवळे शेंडे खुडून सावलीत वाळवजो. तिची स्वतःची आंबट चव असते, डाळीसोबत शिजवली की दुसरं आंबट लागत नाई.

तूर_आणि_पाऊस
भुंग्यांबद्दल सांगतो. तुरीचा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीला त्याचा त्रास त्यामानानं कमी. त्यामुळे खायची तूर पावसाळ्याआधीच डाळ करून घ्या. वर एरंडेल तेलाचा हात फिरवा, दाण्याला नुसती चकाकी येईल इतकाच. तांदळातल्या सोंड्याचं वेगळं आहे. तो दाणा पोखरून आत अंडी घालतो, म्हणून वरून स्वच्छ दिसलेल्या तांदळातही पुढं सोंडे निघतात. त्यात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरानं घाला.

एक गोष्ट फार महत्त्वाची. उन्हातून काढलेलं धान्य लगेच डब्यात भरू नका. रात्रभर घरात पसरून थंड होऊ द्या. गरम भरलं की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि बुरशी धरते. डबे भिंतीपासून वीतभर पुढं आणि खाली लाकडी पाट, कारण आपल्याकडच्या मातीच्या भिंती पावसात ओल ओढतात.

कापूसवाली_घाटंजी
काकू, दादा, दोघांचे मनापासून आभार. उद्याच चिंच फोडायला घेते. सासूबाईंना दात नाहीत, गोळाभात त्यांना कोरडा होईल. त्यांच्यासाठी काय ठेवू?

आर्वीची_काकू
ज्वारीच्या कण्या. गिरणीवर ज्वारी भरडून आण अन् चाळून घेजो, खालचं पीठ भाकरीला होते. सकाळी शेतात जाताना वाटीभर कण्या ताकात भिजवून ठेव, संध्याकाळी लवकर शिजतात. मीठ, जिरं अन् ठेचलेला लसूण टाकून पातळच ठेवजो, थंड झाल्या की घट्ट होतात. त्यांच्या ताटात थोडं तूप सोड.