नागपुरात राहिलेला पाळक आणि नामांतराला शिकवलेली अहिंसा

मिलिंदचा माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

अंबाजोगाईच्या एका निवृत्त गुरुजींचा अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती पाळक रेव्हरंड जेम्स लॉसन यांच्यावरचा लेख गेल्या आठवड्यात अनेकांनी पुढे पाठवला. लेखाचा बहुतेक भाग आदराने लिहिलेला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार शेवटच्या परिच्छेदाची आहे. नागपुरात येऊन गांधीजींची अहिंसा शिकलेल्या या पाळकाने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना न्याय मिळवून दिला, आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीने तीच शिकवण घेतली असती तर मराठवाड्यात सोळा वर्षे रक्त सांडले नसते, असे गुरुजी तेथे लिहितात. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, हे खरे आहे. पण कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार देऊन त्यांनी वर्षाहून अधिक काळ तुरुंगवास भोगला, तो नागपूरला येण्याच्या आधी. ज्या माणसाने विवेकासाठी तुरुंग पत्करला होता, त्याला धैर्य आपल्याकडून मिळाले असे म्हणणे हा आपला फाजील अभिमान आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रक्त सांडले हे मान्य, पण कोणी सांडले? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी पेटल्या त्या आमच्या वस्त्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले, ते अहिंसेचे प्रशिक्षण कमी पडले म्हणून नव्हे. मार खाणाऱ्याला अहिंसा शिकवायची आणि मारणाऱ्याला नुसते 'वातावरण' म्हणून सोडून द्यायचे, ही रीत आम्ही पुष्कळ पाहिली आहे.

आणि लॉसन यांनी जेथे विद्यार्थ्यांना अहिंसा शिकवली त्या अमेरिकेतील नॅशव्हिल शहराची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी. १९६० मध्ये तेथील विद्यार्थी कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या, दुकानांतल्या उपाहारगृहांत जाऊन बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले, हे खरेच आहे. पण त्याच वेळी, ईस्टरच्या ऐन खरेदीच्या हंगामात, कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहरातल्या त्या दुकानांवर बहिष्कार टाकला आणि दुकानदारांचा गल्ला रिकामा पडला. तेथे बहिष्कार हे दुबळ्याचे हत्यार होते. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गावात ते उलट्या हातात होते. १९७८ च्या त्या पावसाळ्यात माझी आई दळणाची पाटी घेऊन गिरणीवर गेली, तेव्हा गिरणीचा पट्टा फिरत होता, आतून पिठाचा वास येत होता, आणि गिरणीवाला दारात उभा राहून "गिरणी बंद आहे" असे तिला सांगत होता. किराणा बंद, मजुरी बंद, विहिरीची वाट बंद. ज्याच्या हाती रोजची मजुरीसुद्धा उरलेली नाही, त्याने कोणाच्या गल्ल्यावर बहिष्कार टाकायचा, ते गुरुजींनी सांगावे.

शिस्तीचे म्हणाल तर २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या, तेव्हा चवताळलेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनीच आवरले होते. हा धडा घेण्यासाठी आम्हाला नॅशव्हिलपर्यंत जाण्याची गरज नाही.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

माझ्या शेवटच्या परिच्छेदाचा आपण लावलेला अर्थ मला मान्य नाही. अत्याचार सोसणाऱ्यांना मी दोष दिलेला नाही. माझा मुद्दा पूर्वतयारीचा होता, आणि त्या तयारीबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही.

लॉसन यांनी नॅशव्हिलला चर्चच्या तळघरात अहिंसेचे वर्ग घेतले. तिथे काही विद्यार्थी गोऱ्या टोळक्याची भूमिका करीत, शिव्या देत, केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली पाडत; आणि बाकीच्यांनी हात न उचलता, डोके कसे वाचवायचे, शेजारच्याला कसे झाकायचे, समोरच्याच्या डोळ्यांत कसे पाहत राहायचे, याचा सराव करायचा. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफाएट हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचे नेते या वर्गांतून तयार झालेले. एकदा एक गोरा तरुण लॉसन यांच्यावर थुंकला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. त्याने गोंधळून तो दिलाही, आणि तोंड पुसता पुसता लॉसन यांनी त्याला विचारले की तुझ्याकडे मोटारसायकल आहे का. पुढे दोघे गाड्यांबद्दल बोलत राहिले. हे ऐन वेळी सुचत नाही, ते महिनोन् महिने अंगी मुरवावे लागते.

मी १९७८ साली केज तालुक्यात नुकताच नोकरीला लागलो होतो. मी मराठा घरातला आहे, हे आपण विचारण्याआधीच सांगतो. त्या आठवड्यात वस्तीतली दोन कुटुंबे मी माझ्या भाड्याच्या खोलीत ठेवली, आणि त्यानंतर माझ्या भावकीने मला लग्नकार्याला बोलावणे कित्येक वर्षे बंद केले. त्या रात्री दाराशी आलेल्या पोरांत माझेच विद्यार्थी होते. मी त्यांच्याशी काय बोलावे, कोठे उभे राहावे, हे मला कोणीही शिकवलेले नव्हते. म्हणून लॉसन मला मोठे वाटतात.

जालन्याचा विश्वासी

दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट गाळलेली दिसते आणि ती मला फार लागली. लॉसन हे प्रथम पाळक होते. त्यांचे वडील पाळक होते आणि ते स्वतः आयुष्यभर चर्चच्या मंडळीत वचन सांगत राहिले. लहानपणी गाडीतून एका गोऱ्या मुलाने त्यांना वर्णावरून शिवी दिली, तेव्हा त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. घरी आल्यावर आईने विचारले, "जिमी, त्याने काय साधले?" अहिंसेचा पहिला धडा त्यांना स्वयंपाकघरात मिळाला, प्रभू येशूवर विश्वास ठेवणाऱ्या आईकडून. गांधीजींचा अभ्यास त्यांनी जरूर केला, पण क्रूस आधी आणि चरखा नंतर.

आपल्याकडे मात्र पाळक म्हटले की धर्मांतर हाच एक शब्द लोकांना आठवतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण कुळात जन्मले, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि पुढे जालन्याजवळ बेथेल वसवून त्यांनी मांग-महार कुटुंबांना तेथे जमीन, विहीर आणि शाळा दिली. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात त्यांना किती ओळी मिळतात?

आणि न्यायाची चर्चा चाललीच आहे तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाबद्दलही बोला. त्यातील तिसऱ्या परिच्छेदामुळे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्माशी बांधल्या गेल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. आम्ही बाहेरच राहिलो. माझ्या मुलाचा मित्र आणि माझा मुलगा एकाच गल्लीत, एकाच जातीच्या आजोबांचे नातू म्हणून वाढले, गावाने दोघांना एकाच नजरेने पाहिले. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर मात्र एकाचा अर्ज आत गेला आणि दुसऱ्याचा परत आला. यासाठी आमच्या बाजूने कोणता मोर्चा निघाला?

लातूरची वाचक

दादा, आपल्या मुलाच्या अर्जाबद्दल मला मनापासून वाईट वाटते आणि तो परिच्छेद जायला हवा, असेच माझेही मत आहे. पण 'कोणता मोर्चा निघाला' हे आपण कोणाला विचारत आहात? बौद्धांना १९९० पर्यंत, म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षे, केंद्राच्या सवलतींसाठी झगडावे लागले. ते आम्हाला कोणी ताटात वाढून दिले नव्हते.

दुसरे असे की मंडळीत जात नाही, असे आपण सुचवत असाल तर मी ते ऐकून घेणार नाही. माझी मावशी लग्नानंतर ख्रिस्ती झाली. तिच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी मुलाकडच्यांनी, जे स्वतः तीन पिढ्यांचे ख्रिस्ती होते, पहिला प्रश्न केला तो मूळ कोणत्या वाड्यातले, हाच. महारवाड्यातले की मांगवाड्यातले, यावर बोलणी थांबली. पाळकसाहेब त्या बैठकीत हजर होते आणि ते चहा पीत बसले. तुमचे लॉसन त्या खोलीत असते तर बोलले असते, हे मी मान्य करते. पण ते त्या खोलीत नव्हते.

जालन्याचा विश्वासी

ताई, मंडळीत जात नाही असे मी कुठेही लिहिलेले नाही. आपण एका बैठकीवरून सगळ्या पाळकांना चहा पिणारे ठरवले, हे मला अन्यायाचे वाटते. जालन्याच्या मिशन दवाखान्यात कोणाच्या बाळंतपणाला जात विचारली गेली, ते एकदा सांगावे. आणि सोयरिकीत वाडा विचारणे बौद्ध समाजात संपले आहे का, तेही सांगावे.

लातूरची वाचक

संपलेले नाही. म्हणूनच मी त्यावर माझ्या समाजातही उभी राहून बोलते, आणि त्यासाठी बोलणी खाते. आपण आपल्या मंडळीत बोलता का, एवढाच माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर दवाखाना हे नव्हे.

मिलिंदचा माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आरक्षणाचा आणि सोयरिकींचा प्रश्न मोठा आहे, परंतु त्याच्याखाली माझा मूळ आक्षेप गाडला जात आहे. गुरुजींनी १९७८ साली जे केले त्याबद्दल त्यांना नमस्कार. पण त्यांच्याच अनुभवातून माझा मुद्दा सिद्ध होतो. दाराशी आलेली पोरे त्यांच्या वर्गातली होती. मग तळघरातला तो वर्ग कोणासाठी भरवायला हवा होता? लॉसन स्वतः कृष्णवर्णीय होते, ते आपल्या माणसांना घेऊन बसले आणि त्यांच्याबरोबर मार खायला, तुरुंगात जायला पुढे राहिले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकले ते त्यासाठीच. त्यांना तो अधिकार होता. तोच उपदेश वरच्या आळीतून वस्तीकडे आला की त्याचा अर्थ बदलतो.

सफाई कामगाराचा मुलगा, नांदेड

आपण सर्व शिकलेली माणसे नॅशव्हिलपाशीच अडकून पडला आहात आणि मेम्फिस शहराबद्दल कोणी बोलत नाही, याचा मला राग येतो. लॉसन १९६२ पासून मेम्फिसला पाळक होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथे पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे बसलेले दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीचे दाबयंत्र अचानक सुरू झाल्यामुळे चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समितीचे अध्यक्ष लॉसन होते, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना मेम्फिसला बोलावले तेही त्यांनीच. कामगारांच्या गळ्यातल्या फलकांवर एवढेच लिहिलेले होते की 'मी माणूस आहे'.

माझे वडील एका नगरपरिषदेत कामाला होते. गटाराचे चेंबर तुंबले की मुकादम घरी निरोप धाडायचा. वडील बनियन काढून, कमरेला दोर बांधून आत उतरायचे, आणि दोराचे दुसरे टोक माझा चुलता धरायचा. ते घरी आले की आई मोरीत गरम पाणी ओतून ठेवायची आणि तासभर आम्हा पोरांना त्यांच्याजवळ जाऊ देत नसे. हातमोजे कागदावर दरवर्षी यायचे. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदीचा १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, गटारात मेलेल्याच्या वारसाला दहा लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ते तीस लाख केले. तरीही माणसे उतरतात आणि मरतात. नामांतरासाठी माझे वडील दोनदा तुरुंगात गेले होते. पण चेंबरसाठी एकही मोर्चा निघाला नाही, नामांतरवाद्यांचा नाही, गांधीवाद्यांचा नाही आणि मंडळीचाही नाही. लॉसन यांचा मोठेपणा मला येथे दिसतो. विद्यार्थ्यांचे नेते म्हणून नाव झाल्यावर ते कचरा उचलणाऱ्यांच्या पगाराच्या आणि संघटनेच्या मागणीसाठी उभे राहिले, आणि पुढे लॉस एंजेलिसला गेल्यावर हॉटेलांतल्या व झाडलोट करणाऱ्या कामगारांसाठीही.

आणखी एक. २८ मार्चच्या मेम्फिसच्या मोर्चात काचा फुटल्या, दंगल झाली, पोलिसांच्या गोळीने एक सोळा वर्षांचा मुलगा मेला. मोर्चा लॉसन यांनीच बांधलेला होता. शिकवण होती, तयारी होती, तरी रक्त सांडले. गुरुजींचे ते वाक्य लॉसन यांच्याच आयुष्यात टिकत नाही.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

लॉसन यांनी तो मोर्चा तत्काळ थांबवला, आणि किंग यांच्या हत्येनंतर ८ एप्रिलला हजारो माणसे त्याच शहरातून शांतपणे चालत गेली, हेही त्याच इतिहासात आहे. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांची संघटना मान्य केली. त्यामुळे तयारी व्यर्थ गेली, हे मी मानणार नाही. तरीही मेम्फिसचे उदाहरण माझ्या वाक्याला आडवे येते, हे नाकारता येत नाही. 'नामांतराच्या चळवळीने' हे शब्द मी काढतो आणि तेथे 'मराठवाड्यातील सवर्ण तरुणांनी' असे लिहितो. बाकीचा लेख तसाच राहील, आणि गांधीजींचे नाव मी काढणार नाही.

मिलिंदचा माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

एवढा बदल करायला इतके लिहावे लागले, याचे मला दुःख आहे, पण बदल झाला हे नोंदवतो. गांधीजींबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे. नागपूरवर लिहिणाऱ्याने ज्या वर्षी लॉसन तेथून परतले त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला त्याच शहरात काय घडले, याचा एका ओळीत तरी उल्लेख करावा. तो लेखात नाही.

सफाई कामगाराचा मुलगा, नांदेड

आणि चेंबरचे काय? पुढच्या महिन्यात आमच्या शहरातल्या कंत्राटी सफाई कामगारांच्या वतीने आम्ही हातमोजे, यंत्र आणि थकलेल्या पगारासाठी निवेदन देणार आहोत. गुरुजी, विश्वासी दादा, लातूरच्या ताई आणि मिलिंदचे दादा, आपल्यापैकी कोण सही करणार आहे आणि कोण प्रत्यक्ष येणार आहे, ते येथेच लिहावे.

लातूरची वाचक

मी येते.

जालन्याचा विश्वासी

मी सही करतो. पाळकसाहेबांना सोबत आणण्याचा प्रयत्न करीन, आणि ते आले नाहीत तर तसे येथे येऊन सांगेन.