वृद्धाश्रमांचं निवेदन: पहिला मुद्दा कोणता?

सप्रेम नमस्कार,

सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा वाचला. ‘इंग्लंडच्या धर्तीवर गोव्यातल्या वृद्धाश्रमांना श्रेणी द्यावी’ हे ठीक, पण तिथलं नेमकं काय उचलायचं? परवा फोंड्याजवळच्या एका खासगी आश्रमात वन्संना बघून आले. फरशी लखलखीत, दारात तुळस. बेल मात्र खाटेमागे भिंतीवर, निजलेल्या माणसाचा हात पोचणारच नाही अशी. तिकडे काम केलेल्यांनी जरा सविस्तर लिहा.

माई, फोंडा

----

माई, नमस्कार.

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेले आपले कितीतरी गोंयकार केअर होममध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमांत, कामाला लागले, त्यातलाच मी एक. तिथे तपासणी ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही सरकारी यंत्रणा करते. माणूस सुरक्षित आहे का, सेवेचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, गरजेला धावून येतात का, कारभार नीट आहे का, असे पाच प्रश्न. त्यावरून ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरी’पर्यंत चार श्रेण्या. २०१५पासून मिळालेली श्रेणी दर्शनी भागात लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. ही पाटी आपण जरूर मागावी.

पण मसुद्यात तिथला कारभार आदर्श म्हणून रंगवलाय, त्याला माझी हरकत आहे. ब्रिस्टलजवळच्या ‘विंटरबोर्न व्ह्यू’ रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांचा छळ चालायचा. तिथल्याच एका नर्सनं कळवूनही कमिशन हललं नाही. २०११मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यानं प्रकरण उघड केलं. २०२४च्या सरकारी चौकशीत निघालं की कमिशनच्या अखत्यारीतल्या दर पाच सेवांपैकी एकीला कधी श्रेणीच मिळालेली नाही. मग कोऱ्या दारावरून नातेवाइकांनी काय ओळखायचं?

दर्जा कळतो रात्रपाळीत. अंथरुणाला खिळलेल्यांना ठरावीक तासांनी कूस बदलून द्यायची आणि तक्त्यात वेळ लिहून सही करायची, असा शिरस्ता. माणसं कमी पडली की पहाटे पाचला एकाच पेनानं सगळ्या रकान्यांत सह्या होतात. तक्ता बघाल तर दृष्ट लागावी असा, आणि म्हाताऱ्याच्या माकडहाडाशी जखम. पगार कमी, म्हणून माणसं टिकत नाहीत. तिथल्या सरकारनं २०२२मध्ये परदेशी केअर कामगारांना व्हिसा खुला केला, जुलै २०२५मध्ये बाहेरून होणारी नवी भरती बंद केली. आता या कामगारांच्या पगाराचा देशव्यापी करार करू म्हणतात, आणि प्रौढांच्या देखभाल-सेवेत सुधारणा सुचवायला लुईस केसी यांचा आयोगही बसवलाय. बघू या.

आपल्याकडे २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. निराधारांसाठी जिल्ह्यात निदान दीडशे जणांची सोय होईल असा आश्रम उभारावा, असं त्यात आहे. खाटांचा आकडा दिलाय, रात्री त्या खाटांपाशी कितीजण जागे असावेत ते नाही. आपलं निवेदन तिथून सुरू व्हावं.

दादा, मडगाव

----

दादांशी सहमत, एक शंका ठेवून. रात्रपाळीला माणसं वाढवा म्हटलं की आश्रमवाले फी वाढवणार. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पेन्शनवर जगणाऱ्याला ती कुठून परवडायची? धर्मादाय चाललेले छोटे आश्रम तर कुलूपच लावतील. तेव्हा सरकारनं अनुदान द्यावं आणि त्या बदल्यात रात्रीचा हजेरीपट मागावा, असं लिहू. सुरुवात प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेच्या आश्रमांपासून करा म्हणावं. ते सरकारचेच, तिथे फाटे फुटायला नकोत. आणि मसुद्यातलं आंतरराष्ट्रीय दर्जाचं वाक्य तेवढं काढा हो, पंचतारांकित हॉटेलची जाहिरात वाटते.

मी सोमवारपर्यंत दुरुस्त मसुदा पाठवतो. पर्वरीला सचिवालयात द्यायचं तर कोंकणी प्रतही सोबत हवी. ती कोण करील?

नाना, म्हापसा