कर्करोगाच्या ट्रायलसाठी विचारलंय, सही करण्याआधी काय बघावं?

शमी
जिभेच्या कर्करोगाचा पेशंट, गाठ लहान, मानेत काही हाताला लागत नाही. फेज ३ ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या उपचाराची चालू उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचणीत येता का, असं विचारलंय. घरचे म्हणतात, माणसावर प्रयोग नकोत. निम्म्यांना नुसती साखरेची गोळी देतात का?

रानजाई
नाही. चालू उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन कुणाला गोळीवर ठेवत नाहीत. एका गटाला सध्याचा उत्तम उपचार, दुसऱ्याला नवा. प्लासिबो, म्हणजे अशी औषध नसलेली गोळी, असलाच तर तो बहुतेक वेळा नेहमीच्या औषधांच्या जोडीला असतो.

तुमच्याच आजाराचं घ्या. गाठ लहान असेल तर जिभेवरच्या गाठीबरोबर मानेतल्या लसिका ग्रंथीही लगेच काढायच्या, की तिथे रोग दिसल्यावर? यावर सर्जनांमध्ये कित्येक वर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी पेशंटना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. २०१५ मध्ये ५०० जणांचा निकाल आला. ३ वर्षांनी, ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वाट पाहिलेल्यांत ग्रंथी हाताला लागेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असे. जिभेवरच्या गाठीचं ऑपरेशन दोन्ही गटांवर झालंच होतं, प्रश्न मानेच्या ग्रंथी लगेच काढायच्या की रोग दिसल्यावरच, एवढाच होता. आज तुमच्या पेशंटला सर्जन मानेचं ऑपरेशन सोबतच करू म्हणाले, तर त्यामागे हे ५०० जण आहेत.

कातळशिल्प
नवं म्हणजे महागच, असंही नसतं. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनचा नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटामध्येच डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने १६.३ टक्के हयात होते, इंजेक्शन जोडल्यावर ४३.४. रोग बरा झाला असं नव्हे, पण ज्यांना पूर्ण डोस कधीच परवडला नसता त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

रानजाई
आता कागद. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, सावकाश वाचा. सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन त्यात हवा. खर्चाचं पान दोनदा वाचा: ट्रायलचं औषध फुकट असलं तरी स्कॅन, रक्ततपासण्या, प्रवास कोण भरणार? ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, ती संमतीपत्रात आहे का बघा. सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

शमी
मधेच सोडावंसं वाटलं तर?

कातळशिल्प
केव्हाही सोडता येतं, कारण सांगायची सक्ती नाही आणि नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. पण न सांगता गायब होऊ नका. काही दुष्परिणाम औषध थांबवल्यावरही आठवडे-महिने उलटून उमटतात, ते कुणाच्या नजरेत येत नाहीत.

आणखी दोन गोष्टी नेहमी नडतात. निवड-तपासण्या चालू असताना दुसरीकडे किमोचा एखादा डोस घेतला की बहुतेक ट्रायलसाठी पेशंट अपात्र ठरतो. दुसरं म्हणजे लपवून घेतलेले काढे आणि भस्मं. लिव्हरचे आकडे वाढले की दोष औषधाचा की काढ्याचा, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही, मग चांगलं लागू पडत असलेलं औषधही थांबवावं लागतं. घेत असाल ते सगळं, बाटल्यांसकट, पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवा.