'वाळीत टाकणे', 'बहिष्कार' आणि 'ग्रामण्य'

प्रश्न : समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी कोकणात गावकी आणि देवस्थानांच्या वादांवर मुलाखती घ्यायच्या आहेत. प्रश्नावलीत 'सामाजिक बहिष्कार' लिहू की 'वाळीत टाकणे'? अर्थ एकच ना?

उत्तर : कायद्यापुरता एकच, बोलण्यात नाही. 'बहिष्कार' म्हटलं की मतदानावरचा किंवा परदेशी मालावरचा आठवतो. तो आपण घालतो, बहुधा आपल्याहून बलवानावर. वाळीत मात्र अख्खं गाव मिळून एका घराला टाकतं. 'तुमच्यावर बहिष्कार आहे का?' असं विचारलंत तर 'छे, तसलं काही नाही' असं उत्तर येईल. आणि त्याच घरापुढून शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी न थांबता गेलेली असेल, बाई ओटीचं ताट घेऊन दारात उभी असताना. म्हणून आधी घडलेलं विचारा : पालखी दारी येते का, देवळाची वर्गणी घेतात का, मयताला खांदा द्यायला कोण आलं. २०१६च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यातही (अंमल जुलै २०१७पासून, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही) अशा कृतींचीच यादी आहे. शब्द नंतर ती माणसंच सांगतील.

दुसरं उत्तर : हे 'वाळणे' म्हणजे सुकणे नव्हे. जुन्या मराठीत वाळणे म्हणजे टाकणे, त्यागणे. तुकोबांच्या अभंगात 'वाळो जन मज' आहे ते याच अर्थानं.

प्रश्न : मग 'ग्रामण्य'?

उत्तर : तो शब्द आता इतिहासातच उरला. जातीच्या आचारावरून उठलेला वाद आणि त्यातून येणारा बहिष्कार, असे दोन्ही अर्थ त्यात होते. १८९०मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आज मुलाखतीत हा शब्द वापरलात तर कुणाला कळणार नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. पंचांचीही मुलाखत घ्या. 'वाळीत' हा शब्द ज्याला टाकलं त्याच्या तोंडचा आहे. टाकणारे म्हणतात, 'त्यांनी गावाचा नियम मोडला', 'ते आपणहून बाहेर गेले'. आपण काही अन्याय केला असं त्यांना वाटतच नाही, आणि नीतीचा खरा प्रश्न इथेच आहे. त्यामुळे नोंद करताना दोघांच्याही बोलण्याचं 'सामाजिक बहिष्कार' असं एकच भाषांतर करू नका. आणि गाव लहान असेल तर प्रबंधात घराची खूण पटेल असं काहीही ठेवू नका. त्या माणसांना तिथेच राहायचं आहे.