अनुभव धागा: नाटकासाठी पहिल्यांदा गावाबाहेर पडलात तेव्हा

नमस्कार मंडळी,

परवा ओळखीतल्या एका पोराचा फोन आला, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचं गॅदरिंगमधलं काम बघून मीच त्याला नंबर दिला होता. म्हणाला दादा, नाटकात पुढं काही करायचं तर नक्की जायचं कुठं असतं? मी अर्धा तास बोललो, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की मला जे काही माहितीये ते सगळं कुणी ना कुणी तरी प्रवासात, विंगेत नाहीतर चहाच्या टपरीवर सांगितलेलं आहे. ज्याला अशी माणसं भेटली नाहीत त्यानं काय करायचं? शहरातल्या पोरांना फॉर्म कधी निघतो ते कॉलेजच्या कट्ट्यावर कळतं, आमच्याकडं कळतं तोवर मुदत गेलेली असते. म्हणून हा धागा. स्पर्धा, शिबिर, शिष्यवृत्ती, नाट्यशाळा, काहीही चालेल, पण कागद कोणते लागले, वयाची अट काय होती, पैसे कुठून आणले हे मोकळेपणानं लिहा.

मी सुरुवात करतो. मी नांदेडकडचा, तालुक्याच्या कॉलेजातला. युवा महोत्सवात मूकाभिनयाच्या टीममधे होतो, 5 मिनिटांचा खेळ, पण त्यासाठी आम्ही दीड महिना रोज संध्याकाळी मैदानावर तालीम केली. विद्यापीठात नंबर आला आणि सर म्हणाले आता इंद्रधनुष्य महोत्सवाला जायचं, तिथं राज्यातली सगळी विद्यापीठं येतात. तिथं मी पहिल्यांदा बघितलं की दुसऱ्या विद्यापीठाची पोरं स्टेजवर जायच्या आधी तासभर नुसतं श्वासाचं आणि अंगाचं काम करतात, आवाज नाही, गडबड नाही. मी जवळ जाऊन विचारलं हे काय चाललंय, तर त्यातल्या एकीनं मला शेजारी उभं केलं आणि म्हणाली तूपण कर. बक्षीस नाही मिळालं. पण तो व्यायाम आज माझ्याकडं येणारी 14 पोरं रोज करतात.

तिसरी घंटा
पुणे. आमच्याकडे सगळं पुरुषोत्तमपासून, म्हणजे कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेपासून सुरू होतं. 1963 पासून चालू असलेली स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात ऑगस्टमधे प्राथमिक फेरी, आणि बाहेर "अरे आव्वाज कुणाचा" ऐकलं की अजून अंगावर काटा येतो. बाहेरगावच्या मुलांना एक सांगायचंय, या स्पर्धेत बघतात ते लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय, त्यामुळे महागडा सेट नाही, लाइट नाहीत म्हणून मागं राहू नका. आम्ही दोन खुर्च्या आणि एका दोरीवर अख्खी एकांकिका केली होती आणि अंतिम फेरीला गेलो. नुसतं पुणं नाही, इतर केंद्रांवरपण फेऱ्या होतात आणि त्यातून महाअंतिम होते.
दुसरं म्हणजे थेस्पो. 1999 पासून मुंबईत चालतं, 25 वर्षांखालच्या मुलांचं नाटक, भाषा कुठलीही चालते. आमचं मराठी नाटक त्यात निवडलं गेलं आणि पृथ्वी थिएटरला प्रयोग झाला. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना मराठी येत नव्हतं, तरी शेवटच्या प्रसंगाला हॉल एकदम शांत. त्या शांततेसाठी मी अजून नाटक करतेय.

गोदाकाठ
मी बीडचा, माझा अनुभव राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, म्हणजे दिल्लीचं एनएसडी. आधी अटी लिहितो कारण त्या मला कुणी धड सांगितल्या नव्हत्या: पदवी पाहिजे, वय 18 ते 30, हिंदी आणि इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान, आणि किमान 6 नाटकांत काम केल्याचा पुरावा. कोर्स 3 वर्षांचा आणि विद्यावेतन मिळतं, त्यामुळे घरची परिस्थिती नाही म्हणून विचारच सोडून द्यायची गरज नाही.
माझं घोडं त्या 6 नाटकांवर अडलं. नाटकं मी 9 केली होती, पण कागद 4 चेच. एका संस्थेत मी दोन वर्षं काम केलं, तिथं प्रमाणपत्रासाठी 5 चकरा मारल्या, दरवेळी पुढच्या आठवड्यात या, आणि मुदत संपली. एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी कागद जमवले, मुंबईला प्राथमिक फेरी दिली आणि दिल्लीच्या कार्यशाळेपर्यंत पोचलो. तिथं काही दिवस तुम्हाला सकाळपासून रात्रीपर्यंत बघतात, शरीर, आवाज, उत्स्फूर्त प्रसंग, गाणं, मुलाखत. मणिपूरचा एक मुलगा माझ्या खोलीत होता, त्याला माझं हिंदी कळेना आणि मला त्याचं, पण आम्ही दोघांनी मिळून एक प्रसंग केला आणि तो सगळ्यांना आवडला.
निवड झाली नाही. परतीच्या गाडीत खूप रडलो हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्रवेश घेतला आणि तिथं जे शिकलो त्यावर आज घर चालतंय. एनएसडीची एक वर्षाच्या कोर्सची केंद्रंपण आहेत, आगरतळ्याला शिक्षणातलं नाटक शिकवतात, ज्याला मुलांबरोबर काम करायचंय त्यानं ते जरूर बघावं.

लाइट्सवाली
गोदाकाठ दादा, कागदांचं अगदी खरं. मी त्यात भर घालते, प्रयोगाची पत्रिका, फोटो, पेपरातलं कात्रण, सगळं एका फाइलीत आणि मोबाइलवरपण ठेवा, आणि दिग्दर्शकाची सही प्रयोग झाल्या रात्रीच घ्या.
मी सांगलीची. 1843 मधे विष्णुदास भाव्यांनी जिथं सीतास्वयंवर केलं ते गाव, लहानपणापासून नाट्यपंढरी नाट्यपंढरी ऐकत आले, पण मुलीनं लाइट करायचे म्हटल्यावर घरात आठ दिवस कुणी बोललं नाही. अभिनय असता तर चाललं असतं, शिडीवर चढायचं, केबल ओढायच्या, रात्री 2 ला थिएटर बंद करून निघायचं, हे आईला पटेना. राज्य नाट्य स्पर्धेला आमच्या टीमबरोबर आई स्वतः आली. डिमरशेजारी, म्हणजे लाइट कमीजास्त करायच्या यंत्राशेजारी, खुर्ची टाकून बसली. तिसऱ्या अंकात पहाट व्हायची होती, मी चार स्पॉट हळूहळू उचलत नेले, आणि आई कानात म्हणाली "हे तू केलंस?" त्यानंतर ती परत कधी सोबत आली नाही, गरजच राहिली नाही.
मुलींना सांगते, बॅकस्टेजला फार कमी मुली आहेत आणि कामाला माणसं कायम हवी असतात. कुठल्याही टीमला जाऊन म्हणा मी केबल गुंडाळते. मी तशीच शिकले.

वडसेकर
सगळे स्पर्धांचं लिहित आहेत, मी आमच्या झाडीपट्टीचं लिहितो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर नाटकांचा सीझन सुरू होतो, कुठं मंडई म्हणजे गावची जत्रा, तर कुठं शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्तानं रात्रभर नाटक. वडसा हे त्याचं केंद्र, नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं. 2023 मधे झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात घराघरात आनंद होता.
मी 19 व्या वर्षी कंपनीत लागलो, पहिल्या सीझनला छोटी भूमिका आणि पडद्याचं काम. इथं रात्रीच्या हिशोबानं मानधन असतं म्हणजे तुम्ही काम करता आणि पैसे मिळतात, फी भरावी लागत नाही. आवाज कसा फेकायचा हे मला हजारो माणसांच्या मंडपानं शिकवलं, शेवटच्या रांगेतली म्हातारी घोंगडी पांघरून बसलेली असते तिला ऐकू गेलं पाहिजे. थंडीत पहाटे 4 वाजता रडण्याचा प्रसंग करायचा आणि लोक जागे ठेवायचे, याच्यासारखी शाळा नाही. शहरातले मित्र याला व्यावसायिक म्हणून बाजूला ठेवतात त्याचं वाईट वाटतं. एकदा हिवाळ्यात या, माझ्याकडे उतरा.

सीमेवरची
मी बेळगावची, मराठी घरात कन्नड शाळेत शिकलेले, आणि ते कन्नड मला असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं. शिमोगा जिल्ह्यात सागरजवळ हेग्गोडू नावाचं गाव आहे, सुपारीच्या बागा आणि त्यात निनासम. के. व्ही. सुब्बण्णांनी 1949 मधे सुरू केलेली संस्था, 1980 पासून तिथं नाट्यशाळा चालते. गावातलीच माणसं संध्याकाळी प्रयोगाला येतात, नाटकावर नेमकं बोलतात. मी संस्कृती शिबिराला गेले होते, थोडेच दिवस, पण सकाळी व्याख्यान, दुपारी चर्चा, रात्री नाटक, आणि जेवायला सगळे एका पंगतीत, नट, शेतकरी, प्राध्यापक. ज्यांना कन्नड समजतं त्यांनी त्यांच्या एक वर्षाच्या कोर्सचा विचार करा. शिकून झाल्यावर काही जणांना तिरुगाट या फिरत्या नाटकमंडळीतपण काम मिळतं.

पेटारो
मी कुडाळचा, दशावतारात काम करतो, आजोबापासून घरात हेच. आमच्या कलेला शिष्यवृत्ती मिळते हेच कुणाला माहीत नव्हतं. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची योजना आहे, 18 ते 25 वयाच्या कलाकारांना 2 वर्षं महिना 5000 रुपये, त्यात नाटक, संगीत, नृत्य आणि लोककलापण येते. अट अशी की गुरूकडे किमान 5 वर्षं शिकलेलं असलं पाहिजे. माझे गुरू म्हणजे आमच्या मंडळात राजाचं काम करणारे राजापार्टी काका, त्यांनी आयुष्यात असं पत्र लिहिलं नव्हतं, मी सांगत गेलो आणि ते हळूहळू लिहीत गेले, मधेच थांबून म्हणाले "मी तुका शिकवलंय हां, खरांच." पैसे दर महिन्याला येत नाहीत, सहा महिन्यांचे एकदम येतात, त्यामुळे उधारी सांभाळून करा. पहिल्या हप्त्यातून मी काकांना नवीन शालू आणला, राजाच्या वेषासाठी.
आणि सवाई एकांकिका स्पर्धेचं कुणीतरी लिहा असं वाटत होतं, नाही लिहिलं म्हणून दोन ओळी. 25 जानेवारीची रात्र, मुंबईत, वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्याच एकांकिका तिथं होतात. मी नुसता बघायला गेलो होतो, कोकण रेल्वेनं जनरल डब्यातून. रात्रभर बघत बसलो आणि 26 तारखेला सकाळी बाहेर आलो तर झोपेचा मागमूस नाही. ज्याला एकांकिका लिहायची आहे त्यानं ही एक रात्र बघावीच.

दूरदेशी
आम्ही अमेरिकेत असतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर 2 वर्षांनी होतं, 2024 ला सॅन होजेला झालं. माझ्या मुलीनं इथल्या स्थानिक मंडळाच्या नाटकात 15 व्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण मराठी वाक्यं बोलली. घरी ती मला उत्तर इंग्रजीत द्यायची. तालमींच्या चार महिन्यांत आजीला फोन करून "हा शब्द तू कसा म्हणतेस" विचारायला लागली. एवढंच लिहायचं होतं.

नवीन सदस्य
दादा, तो फोन केलेला मीच. सगळं दोनदा वाचलं. माझी 3 नाटकं झालीत, दोन गॅदरिंगची आणि एक गणपतीतलं. गणपतीतल्याची पत्रिका आहे, गॅदरिंगचे फक्त मोबाइलमधे फोटो आहेत. आणि लाइट्सवाली ताई, केबल गुंडाळायला मुलगा चालतो का, मी सांगलीला मामाकडे येऊ शकतो.

लाइट्सवाली
चालतो रे. पुढच्या शनिवारी रंगीत तालीम आहे, दुपारी 3 ला ये. जुने बूट घालून ये, स्लिपर नको. फोटोंचं गोदाकाठ दादा सांगतील, पण तोवर सरांकडून लेटरहेडवर लिहून घे, सर बदलून जायच्या आत.