मदत हवी आहे : ओट्सच्या वड्या, उंबरठ्यावरची साखर आणि लेकीच्या लग्नाआधीचे चार महिने

नमस्कार. माझे वय ५३ असून मी बेळगावात, वडगाव भागात राहते. येत्या मार्गशीर्षात माझ्या लेकीचे लग्न आहे आणि हातात असलेल्या चार महिन्यांत मला माझे शरीर ताळ्यावर आणायचे आहे. शालूत बारीक दिसावे, असा माझा हेतू नाही. लग्नाच्या दिवशी पुण्याहवाचनापासून कन्यादानापर्यंत वधूच्या आईला पाटावर मांडी घालून बसावे लागते, मध्येच उठावे लागते, वाकावे लागते, पुन्हा बसावे लागते. आज माझी स्थिती अशी आहे की दहा मिनिटे मांडी घातली, तर उठताना भिंतीचा किंवा कोणाच्या तरी हाताचा आधार घ्यावाच लागतो. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात ओटी भरायला खाली बसले आणि उठता येईना. धाकट्या जावेने दोन्ही दंड धरून मला उभे केले, तोपर्यंत पुढच्या विधीसाठी सगळे खोळंबून राहिले होते. माझ्या लेकीच्या लग्नात तसे होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

जूनमध्ये तपासणी केली तेव्हा उपाशीपोटी साखर १०८ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ टक्के निघाले. वजन ७१ किलो आणि उंची पाच फूट एक इंच आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितले की हा अजून मधुमेह नव्हे, पण मी त्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. पाच किलो वजन उतरवले आणि रोज चालले, तर बहुधा गोळी लागणार नाही.

लेक पुण्याला नोकरी करते. तिने येताना एक किलोचा ओट्सचा पुडा आणला आणि सकाळी दुधात शिजवून खा, असे बजावून गेली. दुधात शिजून लगदा झालेले ते ओट्स चार दिवस प्रयत्न करूनही माझ्या घशाखाली उतरेनात. म्हणून मी त्यांच्या वड्या करायला घेतल्या. प्रमाण असे : ओट्स २०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम आणि तूप ५० ग्रॅम. गूळ रविवार पेठेतून आणलेला, मऊ, काळपट आणि चवीला फार सुरेख. या प्रमाणात बावीस वड्या होतात. सकाळी चहाबरोबर दोन, दुपारी चारला एक आणि रात्री जेवणानंतर एक, अशा चार वड्या मी रोज खात होते आणि त्या खाताना आपण पथ्य पाळत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ओट्स पौष्टिक, गूळ पौष्टिक, शेंगदाणे आणि तीळ तर आपल्या घरात पिढ्यानपिढ्या खाल्ले जातात, मग त्यात वावगे काय असणार?

सात आठवड्यांनी वजन केले तर ते ८०० ग्रॅम वाढलेले होते.

गेल्या रविवारी स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसले आणि प्रत्येक जिन्नसाचा हिशेब मांडला. एक वडी २५ ग्रॅमची भरली आणि त्यात साधारण १२० कॅलरी निघाल्या. म्हणजे चार वड्यांच्या ४८० झाल्या, ज्या माझ्या नेहमीच्या ज्वारीच्या दोन भाकऱ्यांपेक्षाही अधिक आहेत, आणि भाकऱ्या मी वेगळ्या खातच होते. चार वड्यांत गूळ गेला तो सुमारे २७ ग्रॅम. चहात साखर घालायची सोडली म्हणून मनाला समाधान वाटत होते आणि पाच चमचे गूळ मात्र या वाटेने पोटात जात होता. हे कागदावर पाहून मला खरोखर वाईट वाटले.

दुसरी अडचण वडीच्या घडणीची आहे. पाक थोडा कमी झाला की वडी सुरी लावताच भुरभुरते आणि ताटलीत नुसता चुरा उरतो. थोडा पुढे गेला की दाताने तुटत नाही इतकी कडक होते. जी नीट जमते ती श्रावणातल्या या दमट हवेत दोन दिवसांत चिवट होते आणि डब्याच्या तळाला चिकटून बसते. गोकाकचा करदंट (डिंक, सुका मेवा आणि गुळाची मिठाई) याच हवेत कितीतरी दिवस उत्तम राहतो, तर माझ्या वडीत काय चुकते, हे मला कळत नाही.

चालण्याचे म्हणाल, तर उघडीप मिळाली की टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडांखाली २५ मिनिटे चालते. मात्र पावसाचा जोर असला की आठवड्यातले चार दिवस घरातच जातात.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे. गूळ अगदी कमी करूनही वडी बांधली जाईल, असे काही प्रमाण आहे का? की माझ्या प्रकृतीला ओट्सचा गोड पदार्थच सोडलेला बरा? मांडी घालून बसण्याची आणि आधाराशिवाय उठण्याची सवय या वयात कशी करावी? आणि आता केळवणे सुरू होतील. निमंत्रण द्यायला जावे तिथे समोर बशी येते, घरी येणारा प्रत्येक पाहुणा कुंद्याचा (आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा) डबा घेऊन येतो. नाही म्हटले तर माणसे दुखावतात. यातून आपण कसा मार्ग काढला, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : निपाणीची लेक

ताई, आपण काट्यावर वडी तोलून पाहिलीत, यातच अर्धे काम झाले आहे. मी आहारशास्त्र शिकले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

गुळाबद्दलचा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. १०० ग्रॅम साखरेत जवळपास ४०० कॅलरी असतात आणि तितक्याच गुळात सुमारे ३८०, एवढाच काय तो फरक. ओट्सचा खरा गुण त्यातल्या बीटा-ग्लुकान या विरघळणाऱ्या तंतूत आहे. तो पोटात बुळबुळीत, घट्टसर होतो, अन्न हळू पुढे सरकू देतो आणि त्यामुळे साखर सावकाश चढते. कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम दिसायचा असेल तर दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जावे लागते, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट्स. आपल्या एका वडीत जेमतेम नऊ ग्रॅम ओट्स आहेत. चार वड्या खाऊन ओट्स मिळाले ३६ ग्रॅम आणि गूळ २७ ग्रॅम. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला ते निम्मेच आले आणि जे टाळायचे होते ते मात्र भरपूर गेले.

म्हणून माझा सल्ला असा की ओट्स सोडू नका, त्यांचा गोडाशी असलेला संबंध सोडा. जाड ओट्स आणि नाचणीचे पीठ निम्मे-निम्मे घेऊन त्यात कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि ताक घालून थालीपीठ लावा. सकाळी एक थालीपीठ आणि वाटीभर दही एवढे पुरते. चारच्या भुकेसाठी ओट्सचे भडंग करा. जाड ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परता. रंग फार बदलू देऊ नका, पण दाताखाली कुरकुरीत लागले पाहिजेत. मग चमचाभर तेलाची लसूण, कढीपत्ता, हळद आणि तिखटाची फोडणी करून त्यात ओट्स, तितकेच चुरमुरे आणि मूठभर शेंगदाणे घाला. चुरमुरे आपल्या भागात प्रत्येक घरात असतातच. मात्र ओट्सशिवाय नुसते चुरमुरे खाऊ नका, ते साखर चटकन वाढवतात.

गोड हवेच असेल तर २०० ग्रॅम ओट्स, १२० ग्रॅम बिया काढलेला खजूर, ६० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम तीळ आणि दोन चमचे तूप घ्या. खजूर किंचित गरम पाण्याचा हबका मारून मऊ करा आणि मळून घ्या. वीस वड्या पाडल्या तर एक वडी साधारण ८५ कॅलरींची होते. खजुरातही साखर असतेच, तेव्हा दिवसाला एकच वडी, आणि तीही जेवणानंतर लगेच नको. चालून आल्यावर खा.

चालण्याविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आपल्यासारख्याच उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी सुमारे सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे ध्येय ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आपले ७१ किलोचे सात टक्के म्हणजे पाच किलो, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. पावसात बाहेर पडता येत नसेल तर तिन्ही जेवणांनंतर घरातच दहा-दहा मिनिटे फेऱ्या घाला. जेवणानंतरचे चालणे साखरेला विशेष उपयोगी पडते, कारण स्नायू त्याच वेळी रक्तातली साखर वापरू लागतात.

प्रतिसाद : गोकाककर

वहिनी, करदंटाविषयी विचारलेत म्हणून लिहितो. त्याच्या नावातच त्याचे मर्म आहे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ तळलेला डिंक. डिंक तुपात फुलवून घेतला की कोरडा, हलका होतो आणि सुका मेवा-खोबऱ्याला गुळाच्या पाकात धरून ठेवतो. त्यात पाणी शोषून चिवट होणारे ओट्ससारखे धान्य नसते. आपल्या वडीत दोन गोष्टी करून पाहा. ओट्स चांगले कुरकुरीत भाजा, म्हणजे त्यातला ओलावा निघून जाईल. मग त्यांतले एक तृतीयांश मिक्सरमध्ये एकदाच फिरवून रवाळ करा. मोठ्या पाकळ्यांमधल्या फटी तो रवा भरून काढतो आणि वडी भुरभुरत नाही. सगळेच ओट्स बारीक दळू नयेत, कारण पीठ जितके बारीक तितके ते लवकर पचते आणि आपल्याला तेच नको आहे.

पाक करायचाच झाला तर थेंब गार पाण्यात टाकून बोटाने गोळा करा. मऊ गोळी झाली की गॅस बंद. ती वाटीच्या कडेवर आपटून टण आवाज आला, तर तो चिक्कीचा पाक झाला, वडीचा नव्हे. थाळीत थापल्यावर वाटीच्या बुडाने दाबून घ्या, कोमट असतानाच कापा, पण पूर्ण गार झाल्याखेरीज वड्या सुट्या करू नका. मऊ काळपट गुळात पाणी जास्त असते. वडीसाठी कोरडा, पिवळसर गूळ मागून घ्या.

प्रतिसाद : खानापूरची सून

काकू, दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई याच परिस्थितीतून गेल्या. त्यांनी पाट काढला तो लग्नाच्या दिवशी नव्हे, तर तीन महिने आधी. पहिल्या आठवड्यात पाटावर जाड घडी केलेली चादर ठेवून पाचच मिनिटे बसायच्या. बूड गुडघ्यांपेक्षा थोडे उंच राहिले की ताण कमी येतो. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवली आणि चादरीची एकेक घडी कमी केली. शिवाय हात छातीशी ठेवून खुर्चीवरून दहा वेळा उठायचे आणि सावकाश बसायचे, असे सकाळ-संध्याकाळ केले. गुडघा सुजत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

केळवणाचे त्यांनी असे केले की निमंत्रण स्वीकारतानाच फोनवर सांगून टाकायचे, "भाकरी, पालेभाजी आणि तुमच्या हातचे ताक करा, गोडाचे तुम्ही सर्वांसाठी करा, मी देवाच्या नैवेद्याएवढे घेईन." ताटात वाढल्यावर नाही म्हणण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे जाते. आलेला कुंदा त्याच दिवशी शेजारी आणि कामाच्या मावशींकडे वाटून टाकायच्या. डबा घरात रात्र काढत नसे.

धागाकर्तीचा पुढील प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहीत आहे.

भडंग घरात सर्वांनाच आवडले. पहिल्या वेळी आच मोठी राहिल्याने ओट्स कडवट लागले, दुसऱ्या वेळी नीट जमले. खजुराच्या वड्या केल्या. एक तृतीयांश ओट्स रवाळ केल्यावर सुरी लागताना तो नेहमीचा चुरा झालाच नाही. कडा सरळ आल्या आणि वडी हातात उचलली तरी अखंड राहिली. मी रोज एकच खाते आणि उरलेल्या वड्यांचा डबा जावेकडे ठेवला आहे, कारण तो समोर असला की हात जातो. चादरीच्या चार घड्यांवर काल आठ मिनिटे बसले. उठताना भिंतीला हात लावावा लागला, मात्र कोणाला हाक मारावी लागली नाही. वजन आता महिन्यातून एकदाच करणार आहे आणि एचबीएवनसीची तपासणी तीन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास पुन्हा करून घेईन.

एक शंका राहिली आहे. लेकीने हट्ट धरला आहे की रुखवतात चकली-करंजीच्या शेजारी आईच्या हातच्या ओट्सच्या वड्याही असाव्यात. रुखवतासाठी पाकाच्या कराव्यात की खजुराच्या, आणि मार्गशीर्षातल्या थंडीत त्या लग्नाच्या किती दिवस आधी करून ठेवल्या तर चालतील? गोकाककर भाऊजी, आपण सांगितल्यास बरे होईल.