मदत हवी आहे : सागवानी गणेशपट्टीला कीड लागलीय, नक्षी न घालवता काय करावं?

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळचा आमचा माळवदाचा वाडा यंदा उतरवला. पणजोबा सुतार होते. त्यांच्या हातची चौकटीवरची गणेशपट्टी आणि देव्हाऱ्याची महिरप तेवढी घरी आणलीय. महिरपीत दोन पोपट समोरासमोर आहेत, एकाची चोच आमच्या आत्याने लहानपणी तोडली म्हणे!

गाभ्याचं लाकूड लोखंडासारखं शाबूत आहे. पण कडेच्या पांढरट भागाला टाचणीएवढी भोकं पडलीत, आणि खाली रोज पिठासारखा भुगा सांडतो. म्हणजे कीड अजून जिवंत आहे. शिवाय दर दिवाळीला मारलेल्या ऑइलपेंटचे थर आहेतच, गणपतीची बोटंसुद्धा दिसेनात.

इथले मिस्त्री म्हणतात, कॉस्टिक सोड्याने धुवा, मशीनने घासा, वर चकाचक पॉलिश. मला हे पटत नाही. कॉस्टिकने सागवान काळं पडतं आणि घासण्यात छिन्नीच्या खुणाच जातील.

भोकांत सिरिंजने औषध सोडायचं तर कोणतं, देव्हाऱ्याला चालेल असं? रंग काढायला हीटगन बरी की पेंट रिमूव्हर? नंतर बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) पुरेल का? लातूर, बीड, संभाजीनगरकडं असं जुनं काम हाताने करणारा कारागीर माहीत असेल तर जरूर कळवा. चोच मात्र तशीच ठेवायचीय, आत्याचा हट्ट आहे.